लेंडरशी वागताना: फायनान्शियल एड ऑफिसने कोणतं काम आधी, कोणतं नंतर करावं

लेंडरचा, म्हणजे विद्यार्थ्यांना लोन देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा, प्रतिनिधी ऑफिसात येतो तेव्हा तो काही मागायला येत नाही, द्यायला येतो. लोन समजावणाऱ्या पुस्तिका देतो, नव्या स्टाफला ट्रेनिंग देतो, ऑगस्टमध्ये फोन थांबत नाहीत तेव्हा ते उचलायला माणसं देऊ करतो. ऑफिसला या मदतीची खरोखर गरज असते, येणारा माणूसही सज्जन असतो आणि नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. माझ्या पाहण्यात बहुतेक नियमभंग याच जागी झाले. पाकीट घेणारा क्वचित भेटतो, घाईत ‘हो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

दुसरी चूक क्रमाची. विद्यार्थ्यांना सुचवायचे लेंडर आधी ठरतात, त्यांची लिस्ट (प्रिफर्ड लेंडर लिस्ट) वेबसाइटवर चढते आणि निकष नंतर लिहिले जातात, तेही ठरलेल्या नावांना शोभतील असे. हितसंबंधांचे फॉर्म वर्ष संपताना भरून घेतात. फाइलमध्ये प्रत्येक कागद सापडतो, पण काम सगळं उलट्या बाजूने झालेलं असतं.

हा लेख अमेरिकेतल्या विद्यापीठांत एड ऑफिस, बर्सर ऑफिस (फीचा हिशेब ठेवणारं) किंवा इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमध्ये काम करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. कॉलेजच्या बाजूचे नियम मुख्यतः २००८ च्या हायर एज्युकेशन ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्टमधून आणि शिक्षण खात्याच्या नियमावलीतल्या भाग ६०१ मधून येतात. लेंडरच्या बाजूचे रेग्युलेशन झेडमध्ये, म्हणजे कर्जाच्या अटी उघड करण्याच्या केंद्रीय नियमांत, आहेत. सरकारी विद्यापीठांना राज्याचे एथिक्स कायदेही लागू होतात. दोन्हींत जो कडक, तो पाळायचा.

यंदा हे काम टाळून चालणार नाही. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस (ग्रॅज्युएट आणि प्रोफेशनल विद्यार्थ्यांचं फेडरल लोन) बंद केलं. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला फेडरल लोन वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत आणि प्रोफेशनल विद्यार्थ्याला ५०,००० डॉलरपर्यंत. पेरेंट प्लसवरही (पालकांना मिळणारं फेडरल लोन) एका मुलामागे वर्षाला २०,००० डॉलरची मर्यादा आली. या मर्यादांच्या पलीकडची रक्कम अनेक कुटुंबं प्रायव्हेट लेंडरकडून उचलणार, म्हणजे तुमच्या ऑफिसच्या दारावरची वर्दळ वाढणार.

## टप्पा १: नियम कोणाकोणाला लागू आहेत ते लिहून काढा

‘एड ऑफिसचा स्टाफ’ एवढंच लिहून थांबू नका. एज्युकेशन लोनशी ज्याची कसलीही जबाबदारी जोडलेली आहे असा प्रत्येक अधिकारी, कर्मचारी आणि एजंट यात येतो. डायरेक्टर आणि काउन्सेलर तर आलेच. शिवाय बर्सर ऑफिसात लोनचे पैसे खात्यावर चढवणारी व्यक्ती, काउंटरवर बसणारे स्टुडंट वर्कर, बाहेरून घेतलेलं कॉल सेंटर, आणि अ‍ॅडमिशनमधला तो सहकारी जो पालकांना ‘लोनचं असं असं करा’ म्हणून सांगतो.

कॉलेजशी संलग्न संस्थाही कायद्याच्या कक्षेत येतात: अ‍ॅल्युम्नाय असोसिएशन, फाउंडेशन, खेळांशी संबंधित मंडळं. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने एखाद्या लेंडरशी करार केला आणि तिच्या ईमेलमधून लोनची जाहिरात गेली, तर एड ऑफिसला पत्ताही नसताना नियम मोडलेला असू शकतो.

तपासा: यादीत एड ऑफिसबाहेरची माणसं आली का? एकही नसेल तर यादी अपुरी आहे.

## टप्पा २: आचारसंहिता तयार करा, प्रसिद्ध करा, दरवर्षी सांगा

फेडरल लोन योजनांत भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला लोनविषयी आचारसंहिता ठेवावीच लागते. प्रिफर्ड लेंडर लिस्ट नसली तरी हे काम सुटत नाही. तिच्यात निदान या सात गोष्टींची बंदी स्पष्ट हवी:

1. लेंडरशी महसूल वाटून घेण्याचा करार.
2. लेंडर, सर्व्हिसर (हप्ते वसूल करणारी कंपनी) किंवा गॅरंटी एजन्सीकडून (लोनची हमी घेणारी संस्था) भेटवस्तू.
3. लेंडरसाठी सल्लागाराची फी किंवा इतर मोबदल्याचा करार.
4. पहिल्यांदा लोन घेणाऱ्याला अवॉर्ड पॅकेजमधूनच (मदतीच्या एकत्रित प्रस्तावातून) ठरावीक लेंडरकडे ढकलणं, किंवा त्याने निवडलेल्या लेंडरवरून सर्टिफिकेशन (लोनच्या अर्जाला कॉलेजचा दुजोरा) नाकारणं वा लांबवणं.
5. ‘इतकी लोनं आमच्याकडे पाठवा, आम्ही तुमच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा फंड ठेवतो’ अशी देवघेव.
6. कॉल सेंटर किंवा एड ऑफिससाठी लेंडरकडून माणसं घेणं.
7. लेंडरच्या सल्लागार मंडळावर बसण्याचा मोबदला. वाजवी प्रवासखर्च तेवढा परत घेता येतो.

संहिता वेबसाइटवर सहज दिसेल अशी हवी, पाच क्लिक आत पुरलेली नको. टप्पा १ च्या यादीतल्या प्रत्येकाला ती दरवर्षी सांगितली पाहिजे. नुसता ईमेल पाठवून हे काम होत नाही. मी ऑफिसांना अर्ध्या तासाची बैठक आणि सही सुचवते, कारण स्टुडंट वर्कर दर सेमिस्टरला बदलतात आणि तो ईमेल त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

सावध: दुसऱ्या कॉलेजची संहिता उचलून नाव बदलू नका. तिच्यात त्यांच्या राज्याचे नियम आणि त्यांच्या समित्यांची नावं असतात. कागदावर अशी समिती राहते जी तुमच्याकडे कधी बसलेलीच नाही.

## टप्पा ३: हितसंबंधांची नोंद लिस्टच्या आधी

हा टप्पा नेहमी मागे पडतो. लिस्ट करणाऱ्या समितीची पहिली बैठक होण्यापूर्वी प्रत्येक सदस्याचा फॉर्म हातात हवा.

२००७ मध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू क्युओमो यांच्या चौकशीत नामांकित विद्यापीठांच्या काही एड अधिकाऱ्यांकडे, त्यांच्याच लिस्टवर असलेल्या एका लेंडरच्या पालक कंपनीचे शेअर निघाले. म्हणून फॉर्ममध्ये ‘काही हितसंबंध आहेत का?’ असा एकच मोघम प्रश्न ठेवू नका. मोघम प्रश्नाला माणूस प्रामाणिकपणेच ‘नाही’ लिहितो. वेगवेगळं विचारा:

- तुमच्याकडे, जोडीदाराकडे किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्यांकडे कोणत्याही लेंडरचे, सर्व्हिसरचे किंवा त्यांच्या पालक कंपनीचे शेअर आहेत का?
- घरातलं कोणी तिथे नोकरी करतं का?
- गेल्या वर्षात भाषण, सल्ला किंवा सर्वेक्षण यासाठी तिथून काही मिळालं का?
- लेंडरच्या सल्लागार मंडळावर आहात का?
- कोणत्याही लेंडरची रेफरल लिंक वापरता का?

शेवटचा प्रश्न आपल्या लोकांनी नीट वाचावा. लोन काढून दिल्याबद्दल ओळख करून देणाऱ्याला बोनस देण्याच्या योजना आता सर्रास असतात, आणि महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या लिंक फिरत असतात. टप्पा १ च्या यादीतल्या माणसाने तशी लिंक पाठवून पैसे किंवा गिफ्ट कार्ड घेतलं, तर तो भेटवस्तूच्या बंदीचा सरळ भंग आहे. ‘ऑफिसच्या वेळेबाहेर केलं’ हा बचाव होत नाही.

तीच गोष्ट भारतातल्या नातलगांची. ‘मेहुणा मुंबईत एज्युकेशन लोन देणाऱ्या कंपनीत आहे, त्याचा इथल्या लिस्टशी काय संबंध?’ पुण्याहून येणारा विद्यार्थी त्याच कंपनीचं लोन घेऊन तुमच्या काउंटरवर कागद मागायला येऊ शकतो, हा संबंध. कायद्याचा काथ्याकूट नंतर करा, नोंद आधी करा.

कोणाचा हितसंबंध निघाला तर त्याला समितीतून पूर्ण बाजूला ठेवा. ‘त्या एका लेंडरपुरतं मत देणार नाही’ हे पुरत नाही. इतर लेंडरना कमी गुण देऊनही आपला लेंडर वर आणता येतो.

## टप्पा ४: लिस्ट ठेवायची की नाही

ठेवलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तीन वाटा आहेत.

काहीच लिस्ट न ठेवणं, ही पहिली. जोखीम कमी, पण पहिल्यांदा लोन घेणारा विद्यार्थी इंटरनेटवरच्या पहिल्या जाहिरातीच्या हाती सापडतो.

दुसरी वाट तटस्थ लिस्टची: गेल्या काही वर्षांत तुमच्या विद्यार्थ्यांना ज्या ज्या लेंडरने लोन दिलं आणि जे पुढेही देणार आहेत ते सगळे, कोणाचीही शिफारस न करता, आणि शिफारस नाही हे ठळक लिहून. यातला एकही लेंडर ‘त्यांची सर्व्हिस चांगली नाही’ म्हणून गाळलात, की तटस्थता गेली आणि ती प्रिफर्ड लिस्ट झाली.

तिसरी वाट निवडून केलेल्या प्रिफर्ड लिस्टची. कष्ट इथे सर्वांत जास्त. नीट करणार असाल तर विद्यार्थ्याच्या सर्वांत कामाची लिस्ट हीच, असं माझं मत आहे. मनुष्यबळ नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. अर्धवट केलेली निवड न केलेल्या निवडीपेक्षा वाईट.

## टप्पा ५: आधी निकष, मग लेंडर

प्रिफर्ड लिस्ट विद्यार्थी आणि कुटुंबांच्या हितासाठीच बनवायची, दुसऱ्या कशासाठीही नाही, हे कायद्याने बांधून दिलेलं कर्तव्य आहे. ते पाळलं हे दाखवण्याचा एकच मार्ग: निकषांच्या कागदावरची तारीख लेंडरच्या पहिल्या उत्तराच्या आधीची असणं.

५.१ समिती. एड ऑफिसबाहेरचा निदान एक माणूस घ्या. फायनान्सचे प्राध्यापक किंवा कम्प्लायन्स ऑफिसातले कोणी चालतील. डायरेक्टर अध्यक्ष असले तरी अंतिम गुण त्यांच्या एकट्याच्या हातात नकोत.

५.२ निकष आणि वजन. व्याजदर, फी, हप्ता पुढे ढकलण्याच्या सोयी, को-सायनरला (लोनवर सोबत सही करून जबाबदारी घेणाऱ्याला) मोकळं करण्याची अट, सर्व्हिसिंगचा दर्जा, तक्रारींचा इतिहास. प्रत्येकाला किती गुण ते लिहा, सह्या करा, तारीख घाला. ऑफिसला मिळणारी सोय, लेंडरशी जुने संबंध, कॉन्फरन्सला दिलेली स्पॉन्सरशिप यांना शून्य गुण. हे शून्यही कागदावर लिहा.

५.३ एकच प्रश्नावली, एकच मुदत. सगळ्यांना त्याच दिवशी पाठवा. एखाद्या लेंडरने शंका विचारली, तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळ्यांना कळवा. प्रश्न नेमके हवेत. ‘तुमचा सर्वांत कमी दर किती?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. तो दर उत्तम क्रेडिट असलेल्या थोड्यांना मिळतो आणि जाहिरातीत सगळ्यांना दिसतो. विचारा: आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती टक्क्यांना तो दर मिळाला? मधला दर किती? किती अर्ज नाकारले? को-सायनर सुटण्यासाठी किती हप्ते लागतात, आणि अर्ज करणाऱ्यांपैकी प्रत्यक्षात किती सुटले? लोन दिल्यावर ते दुसऱ्याला विकता का?

५.४ गुण वेगवेगळे द्या, मग एकत्र बसा. आधी चर्चा झाली की ज्याचा आवाज मोठा त्याचे गुण सगळ्यांचे होतात. तक्रारींसाठी फक्त लेंडरच्या उत्तरावर विसंबू नका. सीएफपीबीची (ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी पाहणारी केंद्रीय संस्था) तक्रारींची नोंद सार्वजनिक आहे, ती उघडून वाचा.

५.५ लेंडर खरंच वेगळे आहेत का? प्रत्येक प्रकारच्या प्रायव्हेट लोनसाठी लिस्टवर निदान दोन असे लेंडर हवेत ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही. फसगत इथे होते: दोन ब्रँड, दोन वेबसाइट, पण मालक एक. प्रत्यक्ष पैसे कोणती बँक देते, नियंत्रण कोणाचं, संचालक कोण, हे लेखी घ्या.

५.६ परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा विचार. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या विद्यार्थ्याला फेडरल लोन मिळत नाही, आणि बऱ्याच प्रायव्हेट लेंडरना अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक को-सायनर लागतो. सर्वसाधारण लिस्ट त्याच्या हाती देणं म्हणजे बंद दारांची यादी देणं. को-सायनरशिवायच्या लोनचा वेगळा गट करत असाल, तर त्या गटातही दोन असंबंधित लेंडरचा नियम पाळा.

तपासा: लिस्टमध्ये न आलेल्या लेंडरने ‘आम्ही का नाही?’ विचारलं तर एका पानात उत्तर देता येईल का? येत नसेल तर ५.२ कडे परत जा.

## टप्पा ६: वेबपेज आणि अवॉर्ड लेटर

सगळ्यांच्या वर फेडरल मदतीची माहिती. ती मिळू शकते आणि तिच्या अटी प्रायव्हेट लोनपेक्षा चांगल्या असू शकतात, हे विद्यार्थ्याला लेंडरची नावं दिसण्यापूर्वी कळलं पाहिजे. मग निवडीची पद्धत आणि निकष, प्रत्येक लेंडर लिस्टवर का आहे याचं कारण, आणि ठळक अक्षरांत: या लिस्टमधूनच लोन घेण्याची सक्ती नाही. क्रम वर्णानुसार ठेवा किंवा पान उघडताना आपोआप बदलता ठेवा, म्हणजे पहिलं नाव ही गुपचूप शिफारस ठरत नाही.

प्रिफर्ड लेंडरनी पुढच्या १ जुलै ते ३० जून या वर्षाच्या लोनची माहिती कॉलेजला १ एप्रिलपर्यंत द्यायची असते. करार त्यानंतर झाला असेल तर करारापासून ३० दिवसांत. ती आल्यावर पान अद्ययावत करा. गेल्या वर्षीचे दर तसेच राहणं ही फार नेहमीची चूक आहे.

सावध: लोन कॉलेजच देतंय असं वाटेल अशा रीतीने लेंडरच्या जाहिरातीत कॉलेजचं नाव, बोधचिन्ह किंवा मॅस्कॉट येता कामा नये. लिस्ट दाखवण्याचं काम बाहेरच्या सॉफ्टवेअरकडे असलं, तरी जबाबदारी कॉलेजचीच.

## टप्पा ७: काउंटरवर आणि फोनवर

कागद निर्दोष असतो आणि तोंडातून वाक्य निसटतं. ‘आमचे बरेच विद्यार्थी अमुककडून घेतात’ हेही सुचवणंच झालं.

आपल्याकडच्या मुलांबाबत मोह जास्त असतो. नाशिकहून आलेला मुलगा मराठी ऐकून हरखतो आणि म्हणतो, “ताई, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल त्यांच्याकडूनच घेतो.” त्याला परतवून लावू नका आणि नावही सांगू नका. त्याला बसवा. “मी नाव सांगणार नाही, पण कसं निवडायचं ते शिकवते” म्हणा. दोन ऑफर शेजारी ठेवून एकूण परतफेड किती होते ते त्याच्याकडूनच काढून घ्या. दर स्थिर की बदलता, फी किती, शिकत असताना व्याज भरावं लागतं का, रुपयात उत्पन्न असलेल्या आईवडिलांना डॉलरचा हप्ता पेलेल का, हे विचारा. भारतातल्या बँकेचं लोन तो तुलनेत धरतो आहे का तेही विचारा. याला अर्धा तास लागतो, आणि त्याला खरी मदत यातच होते.

सर्टिफिकेशनचे अर्ज आले त्या क्रमाने हाताळा. लिस्टबाहेरच्या लेंडरची प्रणाली वेगळी आहे म्हणून तो अर्ज आठवडाभर पडून राहिला, तर तुमचा हेतू काहीही असो, परिणाम अडवणुकीचाच होतो. प्रायव्हेट लोनसाठी लागणारा सेल्फ-सर्टिफिकेशन फॉर्म आणि त्यात भरायचे आकडे, म्हणजे कॉस्ट ऑफ अटेंडन्स (शिक्षणाचा एकूण खर्च) आणि मिळालेली अंदाजे मदत, विद्यार्थ्याने मागितले की द्यावेच लागतात.

विद्यार्थ्याला दोन मुदती आवर्जून सांगा. मंजुरीनंतर त्या अटी स्वीकारायला ३० दिवस मिळतात, आणि शेवटचं डिस्क्लोजर (लोनच्या अटींचा कागद) मिळाल्यावर कामकाजाच्या ३ दिवसांत लोन रद्द करता येतं. ‘आजच सही कर’ म्हणणाऱ्या लेंडरला बळी पडणारी मुलं या एका माहितीने वाचतात.

स्वतःच्या किंवा घरच्यांच्या एड फाइलला हात लावू नका. मुलगी तुमच्याच विद्यापीठात शिकत असेल, तर तिचं काम नेमून दिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडे जातं.

## टप्पा ८: प्रतिनिधी आला की

भेट ठरलेल्या वेळी, दोन कर्मचारी हजर असताना. कोण आलं, काय बोलणं झालं, काय देऊ केलं, ही तीन ओळींची नोंद त्याच दिवशी.

काय चालतं? लोन, थकबाकी टाळणं, आर्थिक साक्षरता याविषयीची सर्वसाधारण पुस्तिका किंवा कार्यशाळा. व्यावसायिक प्रशिक्षण, आणि त्या प्रशिक्षणाचाच भाग म्हणून मिळालेला चहा-नाश्ता. प्रवेशावेळचं आणि निघतानाचं लोन काउन्सेलिंग लेंडरच्या मदतीने करता येतं, पण सूत्रं तुमच्या स्टाफच्या हातात हवीत आणि कोणत्याही लेंडरच्या लोनचा प्रचार नको. समुपदेशनाचं साहित्य लेंडरने केलं असेल तर ते कोणी केलं हे त्यावर दिसलं पाहिजे.

काय चालत नाही? प्रशिक्षण संपल्यावरचं हॉटेलातलं जेवण, सामन्याची तिकिटं, कॉन्फरन्सचा विमानप्रवास, दिवाळीची मिठाईची महागडी टोपली. घरच्यांना दिलेली भेटही मोजली जाते, जर ती तुमच्या पदामुळे दिली गेली असं मानायला जागा असेल आणि तुम्हाला माहीत असून तुम्ही चालू दिलं असेल. केंद्रीय कायदा नगण्य किमतीच्या वस्तूला सूट देतो, पण डॉलरची रेषा आखत नाही. मी ऑफिसांना शून्याचा नियम करायला सांगते. रेषा आखली की रेषेच्या अलीकडचं घेण्याची सवय लागते.

ऑगस्टमध्ये माणसं देऊ केली तर उत्तर ‘नाही’. अपवाद फक्त जाहीर झालेल्या आपत्तीत, थोड्या काळासाठी, पुन्हा पुन्हा नाही. गर्दी दरवर्षी येते, म्हणून ती आपत्ती नव्हे. तिची तरतूद एप्रिलच्या बजेटमध्ये करा.

तपासा: हीच मदत लिस्टवर नसलेल्या लेंडरने देऊ केली असती तर घेतली असती का?

## टप्पा ९: नोंदी, अहवाल आणि चूक सापडली तर

प्रिफर्ड लिस्ट असेल तर लेंडरनिहाय माहिती आणि त्यांना का निवडलं याचं स्पष्टीकरण दरवर्षी शिक्षण खात्याला कळवावं लागतं, आणि ते लोकांसाठीही खुलं ठेवावं लागतं. सल्लागार मंडळावरच्या कर्मचाऱ्याला परत मिळालेला खर्च वेगळा कळवायचा: रक्कम, नाव, तारखा आणि कामाचं स्वरूप. ही माहिती वर्षाअखेर आठवून लिहू नका, प्रत्येक वेळी टिपून ठेवा.

कुरिअरने भेट आली तर फोटो काढा, परत पाठवा, सोबत दोन ओळींचं पत्र द्या, नोंद करा. ‘परत पाठवायला खर्च येतो’ म्हणून स्टाफमध्ये वाटून टाकणं म्हणजे ती स्वीकारणंच.

समितीतल्या कोणी हितसंबंध लपवल्याचं उघड झालं, तर याच क्रमाने जा:

1. त्या व्यक्तीला लेंडरशी संबंधित सर्व कामांतून त्याच दिवशी बाजूला करा.
2. कम्प्लायन्स ऑफिस आणि विद्यापीठाच्या वकिलांना कळवा. आधी आपणच चौकशी उरकू नका.
3. कोणताही ईमेल किंवा कागद पुसू नका, बदलू नका, मागच्या तारखेने सही करून घेऊ नका.
4. त्या व्यक्तीचे गुण वगळून टप्पा ५ ची बेरीज पुन्हा करा. निकाल बदलत असेल तर लिस्ट बदला आणि बदलल्याची तारीख पानावर दाखवा.
5. ज्यांचे सर्टिफिकेशनचे अर्ज प्रक्रियेत आहेत त्या विद्यार्थ्यांचं काम थांबवू नका. त्यांची फी भरण्याची तारीख कोणासाठी पुढे जात नाही.